सुभेदारांनी लावलेली रांग

मित्रांनो, मी ऑफ्थॅल्मोस्कोप. नाव अवघड, काम सोपं. बाहुलीतून उजेड टाकायचा आणि डोळ्याच्या आत काय चाललं आहे ते डॉक्टरांना दाखवायचं.

माझ्या पूर्वजांनी बर्लिनमध्ये डॉक्टर ग्रेफे यांच्या हातात काम केलं. ग्रेफेंनी गोरगरिबांचे डोळे तपासले, डोळ्यामागची नस गुपचूप मारणाऱ्या काचबिंदूवर शस्त्रक्रिया शोधली आणि बेचाळिसाव्या वर्षी ते क्षयाने गेले. वेळेत आलात तर उरलेली नजर वाचते, गेलेली परत येत नाही, हे दीडशेहून अधिक वर्षं ठाऊक आहे.

मी मिरजेच्या डॉक्टर उत्कर्षाताईंचा. इस्लामपूरजवळच्या त्यांच्या गावी आम्ही दर वर्षी शिबिराला जायचो. तिथे रांग लावायचे त्यांचे वडील, सुभेदार तानाजी. लेकीकडून ऐकलेली ग्रेफेंची गोष्ट ते फौजी आवाजात सगळ्यांना ऐकवायचे.

“काचबिंदू कुणाची वाट बघत न्हाई! जर्मन डॉक्टर सांगून गेलाय!”

“आवं सुभेदार, मग तुमी कवा बसणार खुर्चीत?” शेजारच्या रंगूबाईंनी टोमणा मारला. “का डोळ्यालाबी पेन्शन लागलीया?”

“माझा मोतीबिंदू हाय. पिकला की काढू. आधी तू बस, म्हातारे!”

सगळे हसले. ताईही हसल्या. मी त्यांच्या हातात होतो, दिवा चालू होता, सुभेदार चार पावलांवर होते. ताईंनी रांगेतल्या पुढच्या माणसाला बोलावलं.

अशी सहा वर्षं गेली. माझं कौतुक फार झालं. वर्तमानपत्रात फोटोही आला.

सातव्या वर्षी सुभेदार वाटेतल्या बाकावर आदळले. तेव्हा कुठे ताईंनी त्यांना बसवलं. मोतीबिंदू जेमतेम होता. मागची नस मात्र पांढरी पडून वाटीसारखी खोल गेली होती.

“पिकलाय का गं?”

“आबा, ह्यो मोतीबिंदू न्हवं.”

“मग? त्या जर्मनाचा?”

“व्हय.”

शस्त्रक्रिया झाली. नळीतून पाहावं एवढीच नजर उरली होती, तेवढी राहिली. सुभेदारांनी पुन्हा रांग लावली नाही. यंदा ते गेले. ताई आता शिबिर घेत नाहीत. मी कपाटात पडून आहे.

मला पुसून जपा, असं मी म्हणणार नाही. सुभेदारांची नजर जात होती तेव्हा मी चकचकीत होतो. तुमच्या घरात चाळिशी उलटलेलं माणूस असेल, तर त्याला डॉक्टरांच्या खुर्चीत बसवा. ते म्हणेल, मला काही झालेलं नाही, आधी बाकीच्यांचं बघा.

त्याचं ऐकू नका.