बिनविरोध लढाई

भूम तालुक्यातल्या त्या दूध संघाचं नाव घेण्यात अर्थ नाही. दूध होतंच कुठं? सत्त्याऐंशीच्या दुष्काळात गोठे रिकामे झाले आणि संघात उरले चेअरमन नानासाहेब, बारा संचालक आणि एक कॉम्प्युटर. शेजारच्या संघानं घेतला म्हणून यांनीही घेतला, त्याला हळदकुंकू वाहिलं आणि चपला बाहेर काढायचा दंडक केला. त्यात भरायला काहीच नव्हतं. म्हणून ऑपरेटर बलभीम सोनवणेनं आठ महिने खपून त्यावर एक खेळ रचला.

पृथ्वीवर शत्रूची यानं चालून येतात, आपलं एकच यान. चुकवायचं आणि पाडायचं. पुण्याच्या एका कंपनीनं त्याला खेळ घेऊन बोलावलं होतं. आवडला तर नोकरी. पण खेळ ज्या फ्लॉपीवर होता ती पडली संघाची. नानासाहेब म्हणाले, "आधी वार्षिक सभेत दावू, मग ने."

सभेआधी खेळून बघायला संचालक जमले. नानासाहेबांचं यान अर्ध्या मिनिटात फुटलं.

"ह्ये समोरचे कोण?" उपाध्यक्ष आबारावांनी विचारलं.

"शत्रू हायत, साहेब."

"मग त्यांना बसवून टाक की."

पंधरा वर्षांत या शूरांनी एकही निवडणूक लढवली नव्हती. कुणी अर्ज भरला की त्याला गाठायचं, माघार घ्यायला लावायची आणि गुलाल उधळायचा. लढाईची अक्कल एवढीच. तीच त्यांनी आभाळाला लावली.

"शत्रूच न्हाय तर खेळ कसला, साहेब?"

"आमी बिनविरोध आलो, तवा संघ चालला न्हाय व्हय?" नानासाहेब म्हणाले. "तुला पुण्याला जायचंय न्हवं?"

बलभीमनं एकेक शत्रू पुसला. नक्कल ठेवायला दुसरी फ्लॉपी मागावी लागली असती. तेवढा धीर त्याला झाला नाही.

सभेत नानासाहेब ऐटीत बसले. यान निघालं ते निघालंच. दहा मिनिटं नुसत्या चांदण्या. नानासाहेब मोकळ्या आभाळात गोळे झाडत होते आणि आबाराव दर गोळ्याला टाळी वाजवत होते. अखेर पुढच्या रांगेतल्या बनाबाई, संघाच्या जुन्या सभासद, म्हणाल्या, "नानासाहेब, कवाधरनं चाललाय तुमी. तिकडं पाणी लागलंय का?"

सभा हसली, आणि हसू काही आवरेना.

तासाभरात ठराव झाला. खेळ रद्द, फ्लॉपी कोरी करून ऑफिसात जमा. सूचक आबाराव, अनुमोदक झाडून सगळे.

सोमवारी बलभीम एसटीनं पुण्याला गेला, तेही रिकाम्या हातानं. कंपनीच्या माणसानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "शत्रू कुणी पुसले?"

नानासाहेबांचं नाव बलभीमच्या ओठावर आलं होतं. सारा रस्ता तो त्यांना शिव्याच घालत आला होता. पण त्या दिवशी त्याचा हात धरून कुणी शत्रू पुसून घेतले नव्हते.

"मीच," तो म्हणाला.