ओनुफ्रीचं तळं

नकाशा कचेरीचा कागद आला तेव्हा मी चिडलोच होतो. इथे कॅनडातल्या सास्काचेवानात दुष्काळाने वस्त्याच्या वस्त्या उठून चालल्यात आणि या लोकांना तळ्यांची नावं हवीत. पण टपाल माझ्या दुकानातून चालतं, त्यामुळे रकाने भरणंही माझ्याच गळ्यात.

तळं किती खोल? गुडघाभर. आटतं का? हल्ली दर उन्हाळ्यात. मागे पांढरा खार उरतो आणि वारा सुटला की घराघरांत शिरतो. तळाशी काय? गाळ, आणि मधोमध झरा. तिथे पुरुषभर खड्डा आहे आणि बर्फ भर थंडीतही कच्चा राहतो. पुढचा रकाना: स्थानिक लोक काय म्हणतात?

ओनुफ्रीचं तळं म्हणतात. अकरा वर्षांपूर्वी, ईस्टरच्या तोंडावर, स्टेशनला जाताना ओनुफ्रीने घोड्यांची घसरगाडी तळ्याच्या बर्फावरून घातली आणि मधोमध बर्फ फुटला. तो वाचला, सोबत असलेली त्याची सहा वर्षांची मुलगी मारुस्या गेली. गुडघाभर तळ्यात पोर बुडवली, प्यायलेला असणार, असं लोक म्हणाले, आणि तेच नाव पडलं.

दुपारी त्याची बायको टेक्ला आली. ओनुफ्री गेल्या हिवाळ्यातच वारला होता.

"प्रोकिपभाऊ, नकाशाचा कागद आलाय म्हणे."

"आलाय. या गावात पाकीट फोडायच्या आधी बातमी फुटते."

"त्यावर त्यांचं नाव घालू नका. लोक बोलतात ते बोलू देत. पण छापून नको."

"वहिनी, लोक म्हणतात तेच लिहायचं असतं. फार तर मारुस्याचं लिहू?"

"तिचं नाव घेतलं की पुन्हा त्यांचीच गोष्ट सांगत बसतील." तिने कागद माझ्याकडे सरकवला. "तुमचं लिहा ना."

माझ्या हातातला टाक थांबला.

"मरायच्या आधी ते बोलले मला. बर्फ पक्का आहे, कालच टपालाची गाडी नेली, असं प्रोकिप म्हणाला होता. कुणाला सांगू नकोस म्हणाले, त्याला इथेच दुकान चालवायचंय."

खरं होतं ते. आदल्या दिवशी मी स्वतः तळ्याला वळसा घालून गेलो होतो. पण स्टेशनवर माझी सणाच्या मालाची खोकी पडून होती, आणि ओनुफ्री वळसा घालून गेला असता तर ती एक दिवस उशिरा आली असती. म्हणून बोलून गेलो. अकरा वर्षं त्याने ते पोटात ठेवलं, आणि त्याला दारुड्या म्हणणाऱ्यांना मी हसत साखर तोलून देत राहिलो. मला स्वतःची किळस आली.

"लिहितो," मी म्हणालो. ती गेल्यावर मी रकान्यात लिहिलं: नाव नाही.

पुढच्या वर्षी नकाशा आला. तळ्यावर कुणा अनोळखी माणसाचं नाव छापलेलं होतं. मी तो दुकानात भिंतीला लावला. टेक्लाने बोट ठेवून ते नाव सावकाश वाचलं आणि माझ्याकडे बघितलं.

"निदान त्यांचं नाही," ती म्हणाली.

थंडी पडली. शाळेचे नवे मास्तर दुकानात आले, नकाशापाशी उभे राहिले.

"या तळ्यावरून स्टेशनला सरळ जाता येईल का हो?"

"मुळीच जाऊ नका," मी घाईने म्हणालो. "मधोमध बर्फ कच्चा असतो. ते ओनुफ्रीचं तळं."

टेक्ला तिकिटासाठी तिथेच उभी होती. तिने तिकीट जिभेला लावलं, पाकिटावर नीट दाबून चिकटवलं, पाकीट माझ्यापुढे ठेवलं आणि गेली. तेव्हापासून तिची पत्रं न्यायला शेजारीण येते.