हाताला कळलेली वीट

वीट ठोकून तिचा आवाज ऐकल्याशिवाय आमच्या ह्यांनी कधी भोक पाडलं नाही. खणखणीत वाजली की भरीव, भद्द वाजली की आतून फुटकी. घरोघरी अँटेना बसवायचं काम, आणि सगळी मदार कानांवर. तेच कान गेल्या वर्षी तापात गेले. तेव्हापासून दुकानाच्या शेठने ह्यांना बोलावलंच नव्हतं. मी चार वेळा जाऊन त्याचं डोकं खाल्लं तेव्हा म्हणाला, "माझ्या घरच्या धुरांड्यावर बसवून दाखवू दे. घट्ट बसली तर काम सुरू. हलली तर पुन्हा विषय काढायचा नाही."

मग आम्ही युक्ती काढली. ह्यांच्या कमरेला सुतळी बांधायची, दुसरं टोक माझ्या हातात. ह्यांनी वर वीट ठोकायची, मी खाली शिडी धरून ऐकायचं. भरीव असेल तर एक हिसका, फुटकी असेल तर दोन. आठवडाभर स्वयंपाकघराच्या भिंतीवर सराव केला. शेजारीण विचारायला आली, भांडण चाललंय का म्हणून. म्हटलं, अजून नाही.

शेठच्या गच्चीत धुरांडं चांगलं दोन पुरुष उंच होतं. शेठ हाताची घडी घालून बाजूला उभा. हे वर चढले. वरचे तीन थर त्यांनी बघितलेच नाहीत. तिथल्या विटांवर भार नसतो, जोराच्या वाऱ्यात त्या उचकटतात, हे एव्हाना मलाही पाठ झालंय. चौथ्या थरातली मधली वीट त्यांनी ठोकली. खणखणीत! मी एक हिसका दिला.

ह्यांनी तळवा विटेवर ठेवला, पुन्हा ठोकलं आणि मान हलवली. मी परत हिसका दिला, जरा जोरातच. परत नकार. माझं डोकंच फिरलं. आठवडाभर माझे कान किटवले, आणि आता शेठसमोर माझंच ऐकायचं नाही?

"वहिनी, वीट तर झकास वाजतेय," शेठ म्हणाला. "मिस्त्रींना आता नाही जमायचं."



ह्यांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि विटेकडेचा सांधा खरवडला. आतला चुना पिठासारखा भुरभुर खाली आला. मग ह्यांनी ती वीट दोन बोटांत धरून आमच्यासमोर हलवून दाखवली. वीट पक्की होती, पण आपल्या जागी सुटी बसली होती. मी ऐकून पास केलेल्या विटेची खोट ह्यांनी नुसत्या तळव्याने पकडली.

पुढे माझी गरजच उरली नाही. प्रत्येक विटेला हात लावत हे दोन थर खाली आले, एक वर आणि एक खाली अशा दोन जागा निवडल्या. भोक विटेच्या ऐन मध्यावर, सांध्यात नाही. डोळे मिटून भुकटी फुंकली, बोल्ट आवळले, अँटेनाचा पाईप सरळ उभा केला. आणि अँटेना चढवण्याआधी शिडीवरचे पाय उचलून हे गृहस्थ चक्क त्या पाईपला लोंबकळले! शेठची घडी सुटली. तो धावत आला आणि माझ्याबरोबर शिडी धरून उभा राहिला. पाईप तसूभरही हलला नाही.

बावीस वर्षांत मी ह्यांचं तोंडावर कौतुक केलं नव्हतं. केलं असतं तर डोक्यावर बसले असते. पण आज राहवेना.

"काय हात आहे हो तुमचा!" मी ओरडले. हे आपले तार बांधण्यात गुंग. मग मी चपला काढल्या, शिडी चढले, ह्यांचा पाय हलवला आणि ओठ दिसतील असं सावकाश पुन्हा सांगितलं.

हे लाजले. मग एकदम भडकले. "अगं, तू इथे? मग खाली शिडी कोणी धरलीय?"

"शेठने."

ह्यांनी वाकून पाहिलं. शेठ दोन्ही हातांनी शिडी धरून, तोंड वर करून ओरडत होता, "मिस्त्री, उद्या आठला दुकानात या!"

"काय म्हणतोय तो?"

मी सांगितलं, पण ओठांवरून ह्यांना आकडा कळेना. आठ बोटं दाखवायची म्हणून मी शिडीवरचे दोन्ही हात सोडले. ह्यांनी झडप घालून माझं मनगट धरलं, आणि आठ कळल्यावरही सोडलं नाही.