फळ्यावरचं पाणी

देवपुरातल्या अमृतवेल कॉलनीत वर्तमानपत्रं येत, मोबाइलवर दोन गट होते आणि त्या गटांवर सकाळपासून सुप्रभातची फुलं पडत. पण खरी बातमी वाचायला लोक चौकातल्या काळ्या फळ्यापाशीच जात. तो फळा लीलाधर नाना लिहीत, आणि नानांच्या शब्दाला कॉलनीत सातबाऱ्याची किंमत होती.

नानांनी बत्तीस वर्षं बस स्टँडवर वाहतूक नियंत्रकाची नोकरी केली होती. सोनगीर, पिंपळनेर, नरडाणा, कोणती गाडी लागली, कोणती सुटली, हे फळ्यावर लिहायचं आणि भोंग्यावर सांगायचं. सात वर्षांपूर्वी निवृत्त झाले तेव्हा भोंगा सुटला, खडू काही सुटला नाही. कॉलनीत कोणाचं दहावं आहे, घंटागाडी आज का आली नाही, वीज किती वाजता जाणार, सगळं ते लिहीत आणि खाली ‘हुकमावरून’ असंही लिहीत. हुकूम कोणाचा, हे विचारायची कोणाची छाती नव्हती.

सगळ्यांत मोठी बातमी पाण्याची. कॉलनीला पाणी आठव्या दिवशी येई, सहा ते आठ, दोन तास. व्हॉल्व्ह सोडणारा उखर्डू आदल्या दिवशी नानांना फोन करी आणि नाना फळ्यावर लिहीत. मग त्यावर कॉलनीचं पंचांग ठरे. गोधड्या धुणं, पाहुण्यांना बोलावणं, सत्यनारायण, सगळं पाण्याच्या दिवशी. त्या दिवशी नाना पावणेसहालाच अंघोळ न करता चौकात हजर असत. पाइपात पहिली घरघर झाली की घड्याळ बघून ‘पाणी आले, ६.०५’ असं लिहीत आणि आठपर्यंत तिथंच उभे राहत. घरी सुनंदाबाई पाणी भरत. हे काम नानांनी लग्नापासूनच त्यांच्यावर सोपवलं होतं, आणि चांगल्या नियंत्रकानं जागा सोडायची नसते असं त्याचं कारणही दिलं होतं.

एप्रिलमधला तसाच एक पाण्याचा दिवस. नानांनी ‘पाणी आले, ६.०५’ लिहिलं, बोटं झटकली, तेवढ्यात कॉलनीच्या दुसऱ्या टोकाकडून मंजुळाबाई येताना दिसल्या. शेवटचं घर त्यांचं. नवरा गेल्यावर एकट्याच राहत. कोणाच्या अध्यात ना मध्यात, आणि तक्रार करायची त्यांना सवयच नव्हती.

“नाना, आज पानी उनं ना?” त्यांनी विचारलं.

“आलं ना, मंजुळाअक्का. सहा वाजून पाच मिनिटांनी.” फळ्याशेजारी उभं राहिलं की नानांची जीभ आपोआप कचेरीच्या मराठीवर येई.

“मना नयले थेंब बी नही शे.”

“येईल. जरा धीर धरा.”

“धीर धरता उना असता, पन जुवारी धरत नही,” त्या म्हणाल्या. “तीन दिन व्हयनात, दहा किलो भिजेल शे. सकाय घाटा शे बिबडासना.”

आता नानांचा चेहरा उतरला. खानदेशात जन्मलेल्या माणसाला यापुढचं सांगावं लागत नाही. बिबड्यांची ज्वारी तीन दिवस भिजवायची, मग दळून आणायची, पहाटे मोठ्या पातेल्यात घाटा शिजवायचा आणि गल्लीतल्या बायांनी जमून ओल्या फडक्यावर बिबडे, म्हणजे ज्वारीचे मोठे पापड, थापायचे. भिजलेली ज्वारी कोणासाठी थांबत नाही. एक दिवस उशीर झाला की आंबून जाते, मग म्हशीसुद्धा तोंड फिरवतात. मंजुळाबाईंनी नानांच्या फळ्यावरच्या मागच्या वारापासून आठ दिवस मोजून ज्वारी भिजत घातली होती. घरचे हंडे तर आठव्या दिवशी कोरडेच असायचे, आणि हापसा महिनाभरापूर्वीच आटला होता.

“आठपर्यंत पाणी देतो तुम्हाला,” नाना म्हणाले. जणू पाणी त्यांच्या खिशात होतं.

त्यांनी उखर्डूला फोन लावला. उखर्डू चिडला. “नाना, व्हॉल्व्ह मी पुरा खोलेल शे. तुमनी गल्लीमा नयले मोटारी लायेल शेतस, त्यासनं मी काय करू? वरलासनी ओढी लिधं, खालतासले काय जाई?”

मोटारी! नाना तापले. ‘नळाला मोटार लावू नये’ हे त्यांनी स्वतः दर महिन्याच्या एक तारखेला फळ्यावर लिहिलं होतं, हुकमावरून. आणि त्यांच्याच गल्लीत हा चोरटेपणा! आज एकेकाला फळ्यावर घेतो, असं ठरवून त्यांनी खिशातलं लग्नपत्रिकेचं पाकीट काढलं, पेन काढलं आणि सात वर्षांत पहिल्यांदा पाण्याच्या वेळी चौक सोडला.

ते शेवटच्या घरापर्यंत गेले आणि तिथून एकेका फाटकाला कान लावत वर येऊ लागले. बावीस नंबर मंजुळाबाईंचा, तिथं नळाखाली कोरडी बादली. वीस नंबरला गुणगुण ऐकू आली, लिहिलं. अठरा नंबरला प्रेमराजच्या घरी तर मोटार अशी बोंबलत होती की कान लावायचीही गरज पडली नाही. सतरा, सोळा, पंधरा, चौदा, तेरा, बारा, अकरा. नऊ नंबरला दिपमाला दारातच उभी होती, तिनं घाईघाईनं रेडिओ मोठा केला. नानांनी तिच्याकडे बघत बघतच नऊ लिहिला. पाकिटावर दहा आकडे झाले तेव्हा पावणेसात वाजले होते आणि नानांना न्यायाधीश झाल्यासारखं वाटत होतं.

मग सात नंबर आला. सात नंबर त्यांचा स्वतःचा. नाना पुढे जाणारच होते, पण मोरीच्या भिंतीमागून गुणगुण आली. भुंग्यासारखी, स्पष्ट.

ते आत गेले. मोरीत नळाला हिरवी नळी, नळीला मोटार, आणि मोटारीवर सुनंदाबाईंनी आवाज दाबायला जुनं पोतं टाकलेलं होतं.

“हाई काय शे?” घरात आल्यावर नानांची कचेरी गळून पडली.

“मोटार शे,” सुनंदाबाई बादली सरकवत म्हणाल्या. “सहा वरीस व्हई ग्यात.”

“मले कसं माहीत नही?”

“तुमी पानीना टाइमले कधी घरमा ऱ्हातस? वरनी टाकी कशी भरस वाटनं तुमले? पानी काय तुमना फया वाचीसन जिना चढस?”

सुनंदाबाईंच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला होता. शेजारच्यांनी लावली म्हणून आपण लावली. नसती लावली तर आपलंही पाणी त्यांनीच ओढून नेलं असतं. आणि आठ दिवस घर चालवायचं ते बाईनं, मग फळ्यावर जे लिहायचं ते लिहा, पहिलं नाव माझंच टाका. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, आणि म्हणूनच नानांना जास्त लागलं. त्यांनी पाकिटाकडे पाहिलं. दहा आकडे लिहावेत आणि सात गाळावा, तर ती उघड लबाडी. अकरा लिहावेत, तर उद्यापासून चौकात उभं राहायला तोंड नाही. वेळ मात्र चालली होती.

त्यांनी वाकून बटण बंद केलं.

“बंद काब्र करी? टाकी अर्धी शे!”

“मंजुळाअक्कानी जुवारी भिजेल शे. दहा किलो. त्यासना नयले पानी नही शे,” नाना म्हणाले.

सुनंदाबाईंच्या हातातली बादली तिथंच राहिली. “बिबडानी?”

“हां.”

“मंग हाई आधी सांगता येत नही?” असं म्हणून त्या पदर खोचत बाहेर पडल्या. नाना पाकीट घेऊन मागे. गल्लीच्या मधोमध उभं राहून सुनंदाबाईंनी जो आवाज काढला, तो बत्तीस वर्षांत नानांच्या भोंग्यालाही जमला नसता.

“ओ बठ्ठ्याजनी! मोटारी बंद करा वं! मंजुळाअक्कानी जुवारी भिजेल शे, सकाय घाटा शे!”

दिपमालेच्या घरातला रेडिओ बंद झाला आणि त्याच्या मागून मोटारही. बारा नंबरची बाई “अगं माय!” म्हणत आत पळाली. चौदा, सतरा, वीस. प्रत्येक घरातून उद्या कोणी ना कोणी बिबडे थापायला जाणारच होतं, आणि भिजलेल्या ज्वारीला पाणी न मिळाल्याचं पाप घ्यायला कोणीच तयार नव्हतं. प्रेमराज तेवढा अडून बसला. मग त्याची आई उठली आणि तिनं वायर ओढून घेतली. गल्ली एकदम शांत झाली. एवढी शांत सकाळ पाण्याच्या दिवशी कोणी ऐकली नव्हती. नानांनी पाकीट चुरगाळून खिशात घातलं. त्याची गरजच पडली नव्हती, आणि याचं त्यांना हायसंही वाटलं आणि थोडं वाईटही.

सात वाजून वीस मिनिटांनी मंजुळाबाईंच्या नळानं आधी हवा सोडली, मग लालसर पाणी, मग स्वच्छ, मनगटाएवढी जाड धार. एक ड्रम भरला, हंडे भरले, शेजारच्या पोरीनं आणलेलं पिंपही भरलं. मंजुळाबाई धारेखाली हात धरून उभ्याच राहिल्या. नाना फाटकाशी आले तेव्हा त्यांना वाटलं, आता अक्का दोन शब्द बरे बोलतील.

मंजुळाबाई बोलल्या, पण वेगळंच.

“नाना, मी सात वरीसपाईन आठे ऱ्हास. मना नयले करंगळीएवढी धार ऱ्हाये, असं पानी कधी उनंच नही. बाकी मी हापशावरथून आनू. पन फयावर तर लिखेल ऱ्हाये, पाणी आले. मी म्हनू, नानाना फया कधी खोटं बोलस का? खोट व्हई ती मना नयमाच.” त्या स्वतःशीच हसल्या. “दोन डाव प्लंबर बी लयी उनू.”

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर नानांनी सहन केला असता, स्टँडवर त्यांनी टोमणे कमी खाल्ले नव्हते. पण ही बाई सात वर्षं स्वतःच्या नळापेक्षा त्यांच्या खडूवर जास्त विश्वास ठेवत आली होती. “अक्का, चूक मनी शे,” नाना म्हणाले. “तुमनी कसानी?” म्हणत त्या दुसरा हंडा लावायला वळल्या.

नाना परत निघाले. सात वर्षं, दर आठव्या दिवशी, म्हणजे तीनशेहून जास्त वेळा त्यांनी ‘पाणी आले’ असं लिहिलं होतं, वेळेसकट, सुंदर अक्षरात. आणि ते कुठपर्यंत आलं हे बघायला एकदाही या फाटकापर्यंत आले नव्हते. चौकात पोचेपर्यंत त्यांनी पावलं मोजली. एकशे चाळीस भरली.