बेकरीवाल्याच्या नातीचं पथ्य

बेकरीवाल्या आजोबांच्या घरात पावाला बंदी आली, तेव्हा गल्लीला ती थट्टाच वाटली. खाली बेकरी, वर घर. जिना चढणाऱ्या पाहुण्याच्या कपड्यांनासुद्धा ताज्या पावाचा वास लागायचा, आणि त्याच घरातल्या सात वर्षांच्या नातीला पावाचा तुकडा तर सोडाच, साखरेचा दाणाही वर्ज्य!

नातीचं शाळेतलं नाव काहीही असो, घरात ती भिंगरी. एका जागी बसेल तर शपथ. पण वर्षभरापासून तिला फिट येत होत्या. खेळता खेळता मध्येच थबकायची, डोळे वर जायचे, हात आखडायचे आणि पोर कोसळायची. शुद्धीवर आली की विचारायची, "मी परत पडले का?" एक औषध झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. औषधांनी ती दिवसभर पेंगायची, फिट मात्र हटायला तयार नव्हत्या.

शेवटी मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी आहाराचा उपाय काढला. लोणी, साय, तेल, अंडी भरपूर; पिठाचं आणि गोड जवळजवळ नाहीच. शरीर साखरेऐवजी चरबी जाळायला लागलं की काही मुलांच्या फिट कमी होतात, असं त्या म्हणाल्या. सगळं काट्यावर तोलून द्यायचं आणि दवाखान्याच्या देखरेखीखालीच, घरच्या मनाने काही करायचं नाही.

आजोबांना राहवलं नाही. दुखणं डोक्यात आणि उपाय पोटात, हे कसं, असं त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, नेमकं कसं ते आम्हालाही पुरतं उलगडलेलं नाही. पण एक धागा पोटातल्या जंतूंकडे जातो. आतड्यात कोट्यवधी जंतूंची वस्ती असते. खाणं बदललं की वस्ती बदलते, काही उपाशी मरतात, काही फोफावतात. उंदरांमध्ये असं दिसलंय की फिट शांत करण्यात या जंतूंचा हात असतो. माणसांमध्ये अजून शोध चालू आहे.

आजोबांचा मुलगा ते ऐकून चक्क हसला. सुनेच्या चेहऱ्यावरही विश्वास दिसेना. आजोबा मात्र हसले नाहीत. उभा जन्म खमिरावर काढलेला माणूस तो. डोळ्यांना न दिसणारे जीव पिठाचा गोळा फुगवतात, थंडी पडली की रुसून बसतात, हे त्यांनी रोज पाहिलेलं.

"मग ते जंतूच गोळीत भरून का देत नाही?" त्यांनी विचारलं.

"अजून तेवढं कळलेलं नाही हो," बाई म्हणाल्या. "आणि कोणी काही बाटलीत भरून विकत असेल, तर मला दाखवल्याशिवाय घेऊ नका."

पथ्य सुरू झालं. पहिले काही दिवस भिंगरीला उलट्या झाल्या, मग ती रडली, मग रुसली. जिन्याच्या पायरीवर बसून खालचा वास घेत राहायची. आजोबांच्या काळजाचं पाणी व्हायचं. स्वतःचा पाव ते पिठाच्या पोत्यांआड चोरासारखे उभ्या उभ्या खायचे. एकदा तर बिस्कीट खिशात टाकून निम्मा जिना चढलेही. वरच्या पायरीवर सून उभी. ती नुसती खिशाकडे बघत राहिली. आजोबा आल्या पावली खाली गेले आणि बिस्कीट बरणीत ठेवलं.

हळूहळू फिट कमी झाल्या, मग थांबल्याच. घराने सुटकेचा श्वास सोडला.

थंडीत भिंगरीला खोकला झाला, आणि त्याच आठवड्यात एका दुपारी तिला लागोपाठ दोन फिट आल्या. घरच्यांच्या तोंडचं पाणी पळालं. शरीर चरबी जाळतंय की नाही ते दाखवणारी लघवी तपासायची पट्टी एरवी गडद जांभळी व्हायची, ती फिकी निघाली. म्हणजे कुठून तरी गोड पोटात गेलं होतं.

सून सासऱ्यांसमोर येऊन उभी राहिली. "बाबा, खरं सांगा. तुम्ही काही दिलंत का तिला?"

"नाही," आजोबा म्हणाले.

तिने मान हलवली, पण त्या दिवसापासून भिंगरीला त्यांच्यापाशी एकटं सोडणं बंद झालं. मुलगाही नजर चुकवू लागला. आजोबांनी वाद घातला नाही. खिशातलं बिस्कीट तिने पाहिलं होतं, आता कुठल्या तोंडाने शपथ घ्यायची? पण नात दाराआडून हाक मारायची आणि आईच्या आवाजाने मागे फिरायची, तेव्हा पीठ मळताना त्यांचे डोळे भरून यायचे.

दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंनी सुनेला निरोप दिला, की मुलीच्या तोंडात जाणारं झाडून सगळं घेऊन या, दात घासायची पेस्टसुद्धा. त्या दिवशी परत आली ती सून घरात न जाता थेट बेकरीत शिरली. हातात खोकल्याच्या औषधाची बाटली होती. बाटलीवर हिरवं पान, आणि 'संपूर्ण नैसर्गिक' असं ठळक अक्षरांत.

"बाबा, यात मध होता," ती म्हणाली. "झाडपाल्याचं आहे, याने काय होतंय, म्हणून मीच पाजत होते. दिवसातून तीनदा." मग कशीबशी म्हणाली, "चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी."

आजोबांनी हाताचं पीठ झटकलं आणि तिच्यापुढे स्टूल सरकवलं.

"संन्यासी कसला? बिस्कीट घेऊन जिना चढलो होतोच की मी. ते तुला दिसलं आणि ही बाटली नाही दिसली, एवढंच." ती रडत होती, तिला त्यांनी रडू दिलं. मग म्हणाले, "तू एकटी किती दिवस तोलणार आहेस? मला तो काटा शिकव."

ती शिकवायला बसली. सकाळची साय-अंडी आजोबांकडे आली, आणि सुनेला कित्येक महिन्यांनी पुरेशी झोप मिळाली. आहाराच्या बाईंना विचारून आजोबांनी बदामाच्या पिठाचा, अंड्याचा आणि लोण्याचा पाव करायचं मनावर घेतलं. पहिला दगड झाला, दुसरा लगदा. पुढचा कसाबसा उभा राहिला. भिंगरीने एक घास खाल्ला, बराच वेळ चावला.

"आजोबा, हा पाव नाहीये," ती म्हणाली. "पण अजून द्या."

आता दुसरं वर्ष सरत आलंय. तीन औषधांपैकी एक बंद झालं. तापात एखादी फिट येते, नाही असं नाही, पण तेव्हा काय करायचं ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे. यात जंतूंचा वाटा किती, हे डॉक्टरीणबाई अजूनही ठामपणे सांगत नाहीत, आणि आजोबा दर भेटीत विचारायचं सोडत नाहीत.

मागच्या महिन्यात शाळेची सहल दोन दिवसांसाठी गेली. पाठवावं की नाही यावर घरात बराच खल झाला. शेवटी सुनेनेच हो म्हटलं. आजोबांनी तोलून डबे भरले, तिने शिक्षिकेला सगळं समजावलं. सहलीत फिट एकदाही आली नाही. भिंगरी परत आली ती नाक उन्हाने लाल झालेलं, डबे चाटूनपुसून रिकामे, आणि पायात एकच बूट. दुसरा कुठे गेला, हे तिला काही केल्या आठवेना.