बेथारची चौथी स्तुती

बिरड्याच्या रोजाला सेगुलाबाई अंगणात वाल सोलत बसली होती. मोड आलेला वाल, बोटांत दाबला की सालातून टुपकन निसटणारा. यरुशलेमचं मंदिर पडल्याचा हा उपास. बेने इस्रायलांच्या घरी दिवस मावळला की बिरड्यावर सोडायचा.

शेजारची गुरम्मा दारातूनच म्हणाली, “दिवसभर पाणी न्हाय, आन् सांजच्याला कडू वाल! तुमचा देव लई गमतीचा हाय की, सेगुलाक्का.”

“ये, सोलू लाग. मग हस.”

गुरम्मा टेकली. सोलता सोलता हळूच म्हणाली, “योनाचं काई कळलं?”

सेगुलाबाईनं नाही म्हणून मान हलवली. योना तिचा धाकटा. इस्रायलला गेला, फौजेत लागला, आणि गेल्या ऑक्टोबरच्या, त्र्याहत्तरच्या लढाईत सुएझपाशी पडला. सोबत्यांनी पडताना पाहिला. देह मात्र हाती लागला नाही. उशाला वाळू, पांघरायला वारा.

“आमच्या मालकाला आमच्या लिंगायतांच्या रीतीनं बसवून माती दिली,” गुरम्मा म्हणाली. “तितं जाऊन भांडता तरी येतंय. तू कुटं जायचं, अक्का?”

दिवेलागणीला उपास सुटला. नवरा हस्केल जेवणानंतरच्या स्तुती म्हणू लागला. अन्नाची झाली, देशाची झाली, यरुशलेमाची झाली. चौथीला सेगुलाबाई उठली. बातमी आल्यापासून ती रोज इथंच उठायची.

“आज तरी बस गं. आजच्याच तिथीला बेथार पडलं.”

ते तिला पाठ होतं. रोमच्या बादशहावर उठलेली माणसं बेथारच्या गडावर मेली. बादशहानं त्यांना माती देऊ दिली नाही. आपल्या द्राक्षमळ्याला त्या मेलेल्यांचंच कुंपण घातलं. पुढं दुसरा बादशहा आला, त्यानं परवानगी दिली. तालमूद सांगणाऱ्या धर्मगुरूंनी गडावरच्या सेनापतीचा पोवाडा नाही रचला. त्याचं नावही गोड राहू दिलं नाही, फिरवून ‘लबाडाचा पोर’ केलं. जेवणाच्या ताटापाशी तेवढी एक स्तुती जोडली. देव भला, देह कुजले नाहीत. देव भलं करणारा, त्यांना माती मिळाली.

“त्यांना मिळाली,” ती म्हणाली.

हस्केलनं ताट बाजूला सारलं.

“अहो, मधल्या वर्षांत बेथारच्या आया जेवल्याच असतील की. त्या काय म्हणत होत्या?”

त्यानं पुष्कळ आठवून पाहिलं. “ते कुणी सांगून ठेवलं नाही गं.”

सेगुलाबाई त्याच्याशेजारी येऊन बसली.

“म्हणा तुम्ही. त्यांच्या पोरांसाठी म्हणा. माझ्या पोराचं आमेन मी राखून ठेवते.”