रंगाऱ्याची मॅकरून

मी रंगारी. बत्तीस वर्षं लोकांच्या भिंती रंगवतोय आणि एक नियम कधी मोडलेला नाही. पहिला हात मारून झाला की घरमालकाला खोलीत पाऊल टाकू द्यायचं नाही. पहिला हात कुणाचाही असो, पट्टे दिसतात, खालचे डाग डोकावतात. मालकाचं तोंड उतरतं आणि नसत्या सूचना सुरू होतात. दुसरा हात वाळला की मग खुशाल या म्हणावं.

एवढं कळणाऱ्या माणसानं स्वतःच्या मुलीच्या बाबतीत माती खाल्ली.

तिनं ऑफिसातली नोकरी सोडून बेकरीचं काम शिकायला घेतलं होतं. मला ते पटलं नव्हतं, आणि न पटलेलं पोटात ठेवणं मला जमत नाही. पाच महिन्यांपूर्वी एका दुपारी ती स्वतः केलेली पहिली मॅकरून डब्यात घालून घरी आली. माझ्याबरोबरचे दोन रंगारी चहाला बसले होते. डब्यात गुलाबी, पिवळ्या, हिरव्या चकत्या, दोन-दोनच्या जोडीत क्रीम भरलेलं, आणि निम्म्या तडकलेल्या. मी हसलो. म्हणालो, "या रंगीत बिस्किटांसाठी नोकरी सोडलीस? याला काय अक्कल लागते?" ते दोघंही हसले. मुलीनं डब्याला झाकण लावलं आणि निघून गेली.

तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नव्हती. फोन करायचा तो आईला, माझी चौकशीही आईकडेच. गेल्या रविवारी ती स्वतःचं दुकान उघडणार होती, आणि मला बोलावणं आलं ते अटीसकट. बायकोनं फोन ठेवून सांगितलं, "ती म्हणतेय, बाबांनी एकदा स्वतःच्या हातानं मॅकरून करून बघावीत. मगच दुकानात यावं."

"आणि नाही केली तर?"

"तर मी एकटी जाईन. तुम्ही घरी बसा भिंतीकडे बघत."

मी शुक्रवार-शनिवारचं काम पुढे ढकललं आणि कंबर कसली.

बदामाची पूड आणि पिठीसाखर चाळायची म्हटल्यावर मला हसूच आलं. रंग फडक्यातून गाळण्यात माझा जन्म गेलाय. मग अंड्यातला पांढरा भाग साखर घालून घुसळायचा, पातेलं उलटं केलं तरी पडणार नाही इतका घट्ट. बायको मोबाइलवर कृती वाचत होती. म्हणाली, "डोक्यावर धरून बघा." धरलं. पडलं. मी डोकं धुऊन आलो आणि पुन्हा चार अंडी फोडली.

पुढे रंगाची वेळ आली आणि माझ्यातल्या रंगाऱ्यानं घात केला. चुन्याचा रंग ओला असताना गडद दिसतो, वाळला की फिका पडतो, म्हणून आम्ही नेहमी थोडा जास्तच टाकतो. कृतीत चार थेंब लिहिले होते, मी बारा टाकले. वर गुठळी राहू नये म्हणून बादलीतला रंग ढवळावा तसं दहा मिनिटं ढवळलं. मिश्रण पातळ झालं, पण मला ते छान एकजीव वाटलं. ट्रेवर चोवीस चकत्या घातल्या. ओव्हनमधून एकच निघाली, ट्रेच्या आकाराची.

"दुकानाच्या पाटीला होईल," बायको म्हणाली.

दुसऱ्या खेपेला रंग मोजून घातला, हलक्या हातानं कालवलं. पण चकत्या घातल्या की तासभर तशाच सुकू द्यायच्या असतात, तेवढा धीर कुणाला? लगेच आत सरकवल्या. सगळ्या तडकल्या. एकही धड नाही.

मी ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या फरशीवर बसलो. डोळ्यांसमोर तिचा डबा आला. तिच्या निम्म्या तडकल्या होत्या, म्हणजे निम्म्या शाबूत होत्या. पहिल्याच खेपेला! मी कुठल्याच मालकाला पहिल्या हाताला आत घेत नाही, आणि ही पोर पहिला हात घेऊन सरळ माझ्याकडे आली होती. मी मात्र दोन माणसांसमोर तिला हसलो.

"संपलं? सोडून देताय?" बायकोनं विचारलं.

"अंडी आण," मी म्हणालो.

शनिवारी चकत्या घालून मी शेजारी खुर्ची टाकून बसलो. बायको म्हणाली, अर्धा तास ते एक तास सुकवायच्या. असं मोघम मला चालत नाही. दाराचा रंग वाळलाय का बघायला आम्ही बोटाची मागची बाजू हलकेच टेकवतो, तशीच टेकवली. चिकटली. दहा मिनिटांनी पुन्हा. पंचावन्न मिनिटांनी बोट कोरडं निघालं. ओव्हनच्या काचेतून पाहिलं तर चकत्यांच्या खाली बारीक झालर फुटत होती. मी आनंदानं ओरडलो. पण बाहेर काढल्यावर बुडं कच्ची, सगळी ट्रेवरच्या कागदालाच चिकटून बसली.

चौथ्या खेपेला तीन मिनिटं जास्त दिली. क्रीम भरून जोड्या लावल्या. नऊ मॅकरून माणसांत नेण्यासारखी झाली. पिवळी, झालरीसकट.

रविवारी सकाळी ती नऊ मी डब्यात भरली आणि आदल्या तीन खेपांचं सगळं भंगार एका पिशवीत घेतलं. बायको बघतच राहिली. "दुसऱ्या हाताआधी कुणाला आत न घेणारे तुम्ही, हे कशाला नेताय?"

"तिला बघू दे," मी म्हणालो.

दुकान दहाला उघडणार होतं, आम्ही नऊला पोचलो. बायको आत गेली, मी बाहेर फुटपाथवर थांबलो. मुलगी अ‍ॅप्रनला हात पुसत दारात आली आणि तिथेच उभी राहिली.

"दाखवा."

पाच महिन्यांतला पहिला शब्द. मी डबा पुढे केला. तिनं एक मॅकरून उचललं, उलटं करून झालर बघितली, मग मोडलं.

"आतून पोकळ आहे."

"हो ना," मी म्हणालो, आणि पिशवी उघडली. तिनं ती सलग लादी बाहेर काढली.

"यात रंग किती घातलात?"

"बारा थेंब."

"बारा? बाबा!"

"वाटलं, वाळल्यावर फिका पडेल."

तिला हसू आवरेना. ती हसून घेईपर्यंत मी थांबलो. मग म्हणालो, "त्या दिवशी मी बोललो ते साफ चुकलं. अक्कल लागते याला. तुझी निम्मी शाबूत होती, मला फक्त तडकलेली दिसली."

खाली बघत तिनं मोडलेला तुकडा तोंडात टाकला, सावकाश खाल्ला आणि दारातून बाजूला झाली. मी आत गेलो.

आत गेल्या गेल्या माझी नजर काउंटरमागच्या भिंतीवर गेली. हिरवा रंग, रोलरचे पट्टे, कोपऱ्यात ओघळ, मधोमध जुना डाग डोकावतोय.

"कुणी रंगवली?"

"मीच. परवा." ती माझ्या तोंडाकडे बघत होती. "रंगाऱ्याशी बोलत नव्हते ना मी. आता तुम्ही हसा."

मी भिंतीवर बोट फिरवलं. "पहिला हात असाच असतो. दुसरा उद्या दोघं मिळून मारू."

"पण आज लोक येतील. त्यांना हे सगळं दिसणार."

"दिसू दे," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे क्षणभर पाहिलं. मग माझ्या हातातला डबा घेतला आणि उरलेली आठ पोकळ मॅकरून काउंटरच्या काचेत, तिच्या मॅकरूनच्या शेजारी, सगळ्यात पुढे मांडली.